पावलाचं माप

आम्ही मूल दत्तक घ्यायचं ठरवलं होतं. होम स्टडीसाठी, म्हणजे त्याआधीच्या घराच्या आणि घरच्यांच्या चौकशीसाठी, आलेल्या सोशल वर्कर बाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं, "लहानपणी चूक झाली की तुम्हाला शिक्षा काय व्हायची?" लग्नाला बारा वर्षं झाली, पण नवऱ्याचं उत्तर मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. त्याच्याशी कुणी बोलायचंच नाही. कधी दोन दोन दिवस. मी आदल्या रात्री जागून कपाटं आवरली होती; बाईंनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि शांतपणे पुढचा प्रश्न टाकला, "मग आता तुम्हाला राग आला की तुम्ही काय करता?"

परदेशातून मूल दत्तक घेतोय म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला: "बघून आलात का?" बघायला जायचं नसतं. दोन्ही देश परदेशी दत्तकाबद्दलच्या 1993 च्या हेग करारात असले की क्रम ठरलेला असतो. आधी मुलासाठी त्याच्याच देशात घर शोधायचं. ते मिळालं नाही तर आमचा अहवाल तिकडे जातो, त्याचा अहवाल इकडे येतो आणि दोन्हीकडच्या केंद्रीय प्राधिकरणांनी, म्हणजे दत्तकाचं काम बघायला त्या त्या देशाने नेमलेल्या कार्यालयांनी, मान्यता दिली की मगच मूल सोपवायची भाषा. सुरुवातीच्या अटी पुऱ्या होईपर्यंत मुलाला सांभाळणाऱ्यांशी थेट बोलायलाही मनाई. मला तेव्हा याचा फार राग यायचा. एक फोन केला तर काय बिघडणार होतं? पुढे एका बैठकीत कळलं की मूल दत्तक द्यायच्या ज्या संमतीसाठी कुणी पैसे मोजलेत ती संमतीच नव्हे, आणि ओळखपाळख लवकर झाली की पैसे मोजायला वाट मिळते. राग गेला नाही, पण वाद घालायचं मी सोडलं.

आता कागद. जन्माचे दाखले, लग्नाचा दाखला, पगाराचा पुरावा, पोलिसांचा दाखला, दोघांच्या तब्येतीचं सर्टिफिकेट, ओळखीच्या लोकांची पत्रं. मिळवायला यातलं काहीच अवघड नव्हतं. अवघड होतं ते सगळं एकाच वेळी ताजं ठेवणं, कारण प्रत्येक कागदाला स्वतःची मुदत. पोलिसांचा दाखला आला तेव्हा तब्येतीचं सर्टिफिकेट शिळं झालेलं. ते नवं केलं तोवर होम स्टडीचं नूतनीकरण दारात. त्यात नवऱ्याच्या पासपोर्टची मुदत संपायला पाच महिने उरलेले आणि तिकडे किमान सहा महिने शिल्लक लागतात. पासपोर्ट नवा केला, तर नंबर बदलला. जुना नंबर फाइलमधल्या अकरा कागदांवर होता. अकराही पुन्हा. हे वाचणाऱ्यांपैकी कुणी आत्ता सुरुवात करत असेल, तर बाकी सगळं राहू दे, आधी पासपोर्ट उघडून शेवटची तारीख बघा.

दुसरी चूक माझी. कागद परदेशात चालावेत म्हणून त्यांना अपॉस्टिल लागतं. आत लिहिलंय ते खरं आहे असं अपॉस्टिल म्हणत नाही. त्यावरची सही आणि शिक्का खऱ्या अधिकाऱ्याचा आहे एवढंच म्हणतं. आमचं वेगळ्या कागदावर आलं आणि मूळ कागदाला स्टेपल केलेलं होतं. मी एका दुपारी सगळ्याच्या नीट, सपाट झेरॉक्स निघाव्यात म्हणून चार कागदांच्या पिना नखाने उचकटल्या, झेरॉक्स काढल्या आणि त्याच भोकांतून पुन्हा पिना मारल्या. फाइल तपासणाऱ्या माणसाने कागद उजेडात धरला, पिनेजवळचा फाटका कोपरा अंगठ्याने दाबून पाहिला आणि चारही कागद बाजूला ठेवले. उघडलेली जोडणी चालत नाही. तीन आठवडे गेले. घरात मला कुणी एक शब्द बोललं नाही. नवऱ्याच्या त्या जुन्या उत्तरामुळे ही शांतता मला जास्तच टोचली, म्हणून शेवटी मीच त्याला म्हटलं, "ओरड एकदा." तो हसला.

गंमत म्हणजे आमचे कागद सहा महिन्यांत शिळे ठरत होते आणि मुलाचा वैद्यकीय अहवाल आला तो सात महिन्यांपूर्वीचा. वय सव्वादोन, वजन, उंची, डोक्याचा घेर. अशाच मुलांचे अहवाल वाचणाऱ्या एका बालरोगतज्ज्ञांना तो दाखवला. त्या म्हणाल्या, "एका आकड्यावरून मी काहीच सांगणार नाही. आधीची मोजमापं मागवा." ती आली. त्यांनी वाढीच्या तक्त्यावर चार ठिपके मांडून जोडले. रेघ खालच्या बाजूला होती, पण वर चढत होती. चाळीस सेकंदांचा एक व्हिडिओ होता, तो त्यांनी आवाज बंद करून सहा वेळा पाहिला: दोन्ही हात सारखे वापरतो का, वस्तू पडली की शोधतो का, मोठ्या माणसाच्या चेहऱ्याकडे वळतो का. मी तोच व्हिडिओ शंभर वेळा पाहिला होता आणि मला फक्त त्याची कानाची पाळी आठवत होती.

लशींचं पटकन उरकते. मूल ज्या देशातून येतं तिथे हेपटायटिस ए जास्त असेल तर घरातल्या माणसांनी तो यायच्या निदान दोन आठवडे आधी लस घ्यावी असं सांगतात. आम्ही तिघांनी घेतली आणि सासूबाईंनीही. त्याच्या लशींची नोंद पूर्ण असली तरी इथे आल्यावर रक्त तपासून काही लशी पुन्हा द्याव्या लागू शकतात, हेही आधीच कळलेलं बरं.

लेक नऊ वर्षांची. सोशल वर्कर बाईंनी तिच्याशी एकटीशी बोलताना विचारलं, "तुझ्या कोणत्या वस्तू त्याला द्यायच्या नाहीत?" आम्ही तिला इतके दिवस वाटून घ्यायला शिकवत होतो! तिने यादीच केली: निळं पांघरूण, रंगपेटी, खिडकीकडची जागा. यादी तिच्या कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलीय आणि आम्ही ती पाळणार आहोत. त्याच्या भाषेतले तीस शब्दही तिनेच लिहून काढले, देवनागरीत, कानाला ऐकू आले तसे. पाणी, शू, दुखतंय, थांब, झोपू या. माझे उच्चार ती सुधारते.

मुक्काम तीन आठवड्यांचा की पाच, ते तिथल्या कोर्टाच्या तारखेवर. म्हणून परतीचं तिकीट बदलता येणारं घेतलं. निकालानंतर दत्तक हेग करारानुसार झाल्याचं प्रमाणपत्र, त्याचा पासपोर्ट आणि व्हिसा हातात आल्याशिवाय निघता येणार नाही.

बॅग भरायला बसलो तेव्हा लक्षात आलं की कपडे कुठल्या मापाचे घ्यायचे तेच माहीत नाही. अंदाजाने तीन मापांचे घेतले. बुटांचं काय? एव्हाना प्रश्न पाठवायची मुभा होती, म्हणून दत्तक संस्थेमार्फत विचारलं, त्याच्या पावलाभोवती पेन्सिल फिरवून पाठवाल का? उत्तराची आशा नव्हती. बारा दिवसांनी स्कॅन केलेला कागद आला. अंगठ्यापाशी रेघ बाहेर घसरलेली, बहुतेक त्याला गुदगुल्या झाल्या असाव्यात. आमच्या प्रिंटरने तो पानभर मोठा करून छापला आणि क्षणभर वाटलं, हा मुलगा चौदा वर्षांचा आहे की काय! मग कोपऱ्यात कुणीतरी पट्टीने मोजून लिहिलेलं दिसलं: 15.5 सें.मी.

त्यावर शिक्का नाही, सही नाही. नवऱ्याने तो अपॉस्टिलच्या फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवलाय. पण तोही आता सात आठवड्यांपूर्वीचा, म्हणून बूट बोटभर जागा ठेवून घेतले.