कासवाच्या पोटात गोधडी : आमची वाटचाल

दापोलीसारख्या ठिकाणी सॉफ्ट टॉईजचा धंदा कसा काय सुचला असं लोक विचारतात. त्याचं श्रेय निसर्ग वादळाला. 3 जून 2020. तोवर मी आणि माझी जाऊ दोघी मिळून ब्लाऊज, पडदे, उशांचे अभ्रे असलं शिवायचो, लॉकडाऊनमध्ये मास्क शिवले, आणि मग त्या दुपारी दुकानावरचे पत्रे उडाले, कापडाचे तागे भिजले, आणि आमच्या वाडीत लाईट यायला तीन आठवड्यांवर लागले. मुलगी तेव्हा सात वर्षांची, वारा सुटला की भोकाड पसरायची. भिजून वाळलेल्या हिरव्या फ्लीसचं मी तिला हाताने एक कासव शिवलं आणि भरायला काही नव्हतं म्हणून तिचीच जुनी गोधडी घडी करून पोटात कोंबली. रात्री गोधडी काढायची पांघरायला, सकाळी परत कोंबायची. बस, आमचं प्रॉडक्ट एवढंच आहे, नंतरची चार-पाच वर्षं आम्ही ते बिघडवण्यात आणि परत दुरुस्त करण्यात घालवली.

म्हणजे झालं असं की पहिल्यांदा हौस फार. म्हटलं एका कासवातच सगळं द्यायचं. उशी, पांघरुण, पाठीवर अडकवायची बॅग, मानेची उशी, हातात घालायची बाहुली, आणि दिराने सुचवलं की कवचात छोटा लाईट पण टाका, रात्री चमकेल. असे 12 पीस केले आणि ओळखीतल्या घरांत वाटले. महिन्याने परत बघायला गेलो तर कोणीच बॅग म्हणून वापरत नव्हतं, पट्टे मात्र एका घरात पोराच्या गळ्यात अडकलेले बघितले आणि माझ्या पोटात गोळा आला. पट्टे त्याच दिवशी बंद. लाईटचं पुढे कळलं की सेल-बॅटरी आली की ते इलेक्ट्रिक खेळणं होतं, त्याचं स्टँडर्डच वेगळं, आयएस 15644, आणि बटणासारखा सेल पोराने गिळला तर जिवावर बेततं. तोही गेला. मानेची उशी कोणाच्याच मानेला बसेना.

पण खरा मास्तर आमचा पाऊस. इथे वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, आणि ज्याने कोकणात श्रावण काढलाय त्याला सांगायला नको, रुमाल वाळायला दोन दिवस लागतात तर फायबर भरलेलं खेळणं काय वाळणार. वरून कोरडं लागतं, आत ओल, चौथ्या दिवशी कुबट वास आणि आठवड्यात बुरशीचे काळे ठिपके. बाजारातल्या मोठ्या टेडीचं आमच्याकडे हेच होतं, पहिल्या पावसाळ्यात माळ्यावर जातो तो परत येत नाही. चुलत सासूबाई म्हणाल्या, सावरीचा कापूस भरा, तो पाणी धरत नाही. खरंय ते. भरला. पण तो इतका हलका की शिवणीतून भुरुभुरु बाहेर, पोराच्या नाकातोंडात, आणि पेटायला तर एक ठिणगी पुरते. नको म्हटलं.

मग परत मुलीच्या त्या पहिल्या कासवाकडे बघितलं. त्याच्या पोटात भरण नव्हतंच ना! गोधडी काढली की उरते ती नुसती खोळ, पिळून पंख्याखाली टाकली की संध्याकाळपर्यंत वाळते, गोधडी वेगळी वाळते. म्हणजे गोधडी हेच भरण. एवढं साधं होतं आणि आम्ही दीड वर्ष पट्टे लावत बसलो होतो.

यातही एक घोळ झाला. शेजारचा चार वर्षांचा पोरगा, त्याला पीस दिला, रात्री आईने गोधडी काढल्यावर कासव चपटं पडलं आणि हा रडायला लागला की कासव मेलं. काही केल्या गप्प बसेना, शेवटी आईने पोटात टॉवेल भरला तेव्हा झोपला. हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. मग कवचाला दोन थरांत पातळ फायबरची शीट घालून उभे-आडवे टाके मारले, डोकं आणि वल्ह्यांसारख्या पायांत थोडं फायबर ठेवलं, आता पोट रिकामं झालं तरी कवच घुमटीसारखं उभं राहतं. मुलांना सांगतो, कासव भुकेलंय, सकाळी जेवायला घाला. गोधडीची घडी आता पोरंच करतात, आयांना हे सगळ्यात जास्त आवडलंय.

कासवच का हे वेगळं सांगायला नको. 2002 साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने वेळासला समुद्री कासवांची घरटी राखायला सुरुवात केली, आता आंजर्ल्यालाही पिल्लं समुद्रात सोडताना बघायला गर्दी होते. तिथल्या एका होमस्टेत आमचे पीस ठेवले होते, एक कासवमित्र आले, उचललं आणि कवचावरचे तुकडे मोजायला लागले. म्हणाले, ताई हे आपल्या किनाऱ्यावर अंडी घालणारं ऑलिव्ह रिडले नाय, ग्रीन टर्टल आहे. ग्रीनच्या कवचाला मधल्या रांगेच्या दोन्ही बाजूंना चार-चार तुकडे असतात, रिडलेला सहसा सहा किंवा जास्त, आणि कधी कधी दोन्ही बाजूंना सारखे पण नसतात. एका बाजूला सहा, दुसऱ्या बाजूला सात अशी शिवण नव्याने बेतली. गिऱ्हाईक अजून सांगतं की एका बाजूला चुकून जास्त झालाय.

पिल्लं हा वेगळा त्रास. वल्ह्याखालच्या खिशात तीन पिल्लं असतात. खरं पिल्लू चार सेंटीमीटरचं, आम्ही हौसेने तेवढंच केलं, आणि मऊ असल्यामुळे ते दाबलं की चाचणीच्या नळकांड्यात मावतं. लहान मुलांच्या खेळण्यांसाठी एक नळकांडं असतं, 31.7 मिलिमीटर व्यासाचं, सुटा भाग न दाबता त्यात पूर्ण मावला तर तो घशात अडकू शकतो असं धरतात. मऊ कापडी वस्तूला तिथे सूट असली तरी मला धीर होईना, म्हणून पिल्लू तळहाताएवढं केलं. डोळे पहिल्यापासून धाग्याचे. प्लास्टिकचे डोळे दिसतात गोड, पण चाचणीत ते चांगला जोर लावून ओढतात, आणि दात येणारं पोर त्याहून चिवट असतं हे कुठल्याही आईला विचारा.

चाचणी म्हटलं की आयएसआय. 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना तो सक्तीचा झाला आणि आम्हाला पत्ताच नाही! प्रदर्शनात एका बाईंनी विचारलं, मार्क कुठाय, तर मी हसून कापडी आहे हो म्हटलं. घरी येऊन वाचलं आणि हातपाय गार. हस्तकला खात्याकडे नोंद असलेल्या कारागिरांना सूट आहे, पण आमचं मशीनवरचं काम, त्यात बसत नव्हतं. विक्री थांबवली, वर्षभर परत अभ्रे शिवले. अर्ज, तपासणी, नमुने लॅबमध्ये, आयएस 9873 च्या भागांप्रमाणे ओढणं, पेटवणं, रंगातले जड धातू. लांब केसांची फर ज्योतीला झरझर पेटते हे तिथे कळलं, तेव्हापासून आखूड लवेचंच कापड. लायसन्स हातात आलं त्या दिवशी जाऊबाईंनी मशीनला हळदकुंकू वाहिलं.

कापड सुरतेहून येतं. एकदा एका व्यापाऱ्याने गडद हिरव्याचा लॉट दिला, त्याचा रंग धुताना गोधडीला लागला, 40 पीस गेले आणि पैसे आजतागायत आले नाहीत. आता प्रत्येक ताग्याचा तुकडा आधी पांढऱ्या फडक्यासोबत उकळतो. लवेची दिशा डोक्याकडून शेपटीकडे, उलटी गेली की पोराचा हात फिरताना खरखरतो. पोटाच्या चेनच्या रनरला खुंटी नाही, टोक कापडाच्या घडीत लपतं, मोठ्या माणसाने पिनेने सरकवायचं. आणि सुई तुटली की सगळे तुकडे सापडेपर्यंत काम बंद, ते तुकडे वहीत टेप लावून चिकटवतो, तारखेसकट. नवीन मुलींना हे आधी जाच वाटतं.

बारशाला द्यायला पाहिजे म्हणून पुष्कळ फोन येतात, तिथे मी नाही म्हणते. एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या झोपायच्या जागेत उशी, सुटं पांघरुण, मऊ खेळणी ठेवू नयेत असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, आणि आमच्या कासवात ही तिन्ही आहेत. दीर म्हणतो ऑर्डर घालवतेस. घालवते.

आता आम्ही सहा जणी आहोत, महिन्याला 120-130 पीस, फेब्रुवारी ते एप्रिल जास्त. चाकरमानी रातराणीत पोरांसाठी उशी म्हणून घेऊन जातात आणि मुंबईत पांघरुण म्हणून वापरतात. ऑर्डर द्यायची असेल तर गणपतीच्या पंधरा दिवस आधी द्या, गौरी-गणपतीत मशीन बंद असतात, फोन उचलला तरी मागे आरती चालू असेल.