तुम्ही विचारलंत म्हणून: ते पोरगं बिघडलं कसं?

"गुरुजी, तुमच्या हाताखाली शिकलेलं पोरगं केबलचोरीत सापडलं कसं?" लग्नात, पारावर, एसटीत, जिथं जावं तिथं हेच. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच काय ते सांगतो. नाव-गाव सांगणार नाही; अल्पवयीन मुलाची ओळख उघड करायला कायद्यानंच बंदी आहे.

आईबाप ऊसतोडीला. दिवाळी झाली की टोळीबरोबर पोरगंही कारखान्यावर, परत यायचं ते मार्च-एप्रिलात. मागं राहणाऱ्या पोरांसाठी गावात हंगामी वसतिगृह होतं हो, पण तिकडं कोपीवर, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीवर, धाकट्या बहिणीला कोण सांभाळणार? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात आठवीपर्यंत कुणाला नापास करायचं नव्हतं, म्हणून तो वर सरकत गेला. नववीत हायस्कूलनं सांगितलं, "दाखला न्या. पुढं १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसवा." दहावीचा निकाल जपायचा होता, दुसरं काय?

बाल न्याय मंडळापुढं जाताना त्याच्या आईनं मला सोबत नेलं. मंडळातल्या ताईंनी मायेनं विचारलं. तो न अडखळता बोलला. विहिरीवरची केबल कुठून कापायची, नाल्यात नेऊन कशी जाळायची, तांबं कुणाला घालायचं, सगळं. मग ताईंनी टेबलावरचं पत्रक पुढं केलं. "वाच बरं दोन ओळी." पोरगं घामाघूम. "बा... ल... का..." पुढं जोडाक्षर आलं आणि गाडी अडली. म्हणाला, "उजेड कमी हाय." डोक्यावर ट्यूब लख्ख जळत होती. चोरी सांगताना ताठ असलेली मान आता खाली गेली होती.

त्याची तरफदारी करतोय असं समजू नका. ज्याची केबल गेली तो दीड एकराचा धनी. ऐन ओंबीत गहू वाळला. त्याच्यासमोर मला शब्द फुटत नाही.

पूर्वी मी ग्रामसभेत ठासून सांगायचो, नापास करा, पाया पक्का होईल. २०१९ च्या दुरुस्तीनं पाचवी-आठवीला तशी मुभाही आली. आता वाटतं, पाचवीत नापास झाला असता तर पाचवीतच हातात कोयता आला असता. लगेच मन म्हणतं, निदान याला वाचता येत नाही हे चारचौघांना कळलं तरी असतं. आणि त्याचा चुलतभाऊ? तीच टोळी, तसंच अडखळत वाचणं. त्यानं कधी कुणाच्या काडीला हात लावला नाही. याचं उत्तर माझ्यापाशी नाही.

एवढं मात्र डोळ्यांनी पाहिलंय. दाखला हातात आल्यावर तो दिवसभर फाट्यावर बसायचा. तिथं कुणी त्याला वाचायला लावत नव्हतं. केबल कापण्यात मात्र तो लगेच हुशार ठरला.

आता जामिनावर घरी आलाय. हायस्कूलला म्हटलं, परत घ्या, रोज तासभर मी येऊन त्याचं वाचन घेतो. ते म्हणाले, "गुरुजी, निकालाचं काय?" मी पुन्हा जाणार आहे, त्याच्या आईला घेऊन.