पंचनाम्याआधीचे चार तास

साक्री तालुक्यात कृषी सहायक असलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा जानेवारीतल्या एका पहाटे फोन आला. सुरत-धुळे महामार्गावर रात्री फर्नेस ऑइलचा टँकर पलटी झाला होता आणि तेल शेजारच्या कपाशीच्या वावरात उतरले होते. "सर, तुम्ही तेल खाणारे जिवाणू शिकवता ना, त्यांची पावडर घेऊन या," असे तो म्हणाला. मी धुळ्याला महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. पावडर माझ्याकडे नव्हती. प्रयोगशाळेत होते ते दोन-चार फ्लास्कमध्ये वाढवलेले स्यूडोमोनास नावाचे जिवाणू, आणि ते एवढ्या तेलावर ओतून काही होणार नव्हते. थर्मामीटर, काही रिकाम्या बाटल्या आणि एक खुरपे एवढे घेऊन मी निघालो.

सात वाजता पोहोचलो तेव्हा हवेत ९ अंश सेल्सिअस तापमान होते आणि तेल जागच्या जागी थांबले होते. टँकरमध्ये ते गरम भरलेले असल्याने रात्री झपाट्याने पसरले असणार. पण पसरता पसरता थर पातळ झाला, गार पडला आणि वावराच्या मध्यावर बोटभर जाडीची गोलसर कड करून अडकला. पऱ्हाटीची एक काडी मी त्यात उभी खोवली. ती बराच वेळ तशीच उभी राहिली आणि मग सावकाश कलली.

"सर, हाई तेल शे का डांबर?" शेताचे मालक आप्पा माझ्या शेजारी उकिडवे बसत म्हणाले.

प्रश्न अगदी बरोबर होता. कच्च्या तेलातून पेट्रोल, रॉकेल, डिझेल काढून घेतल्यावर तळाशी जो जड गाळ उरतो, त्यातूनच डांबर निघते, आणि त्यातच थोडे हलके तेल मिसळून भट्ट्यांसाठी फर्नेस ऑइल तयार होते. ५० अंशांनाही त्याचा घट्टपणा पाण्याच्या शंभरपटीहून अधिक असतो. ९ अंशांना तो काही हजारपटींवर जातो. म्हणूनच कारखान्यात ते तापवल्याशिवाय पंप ओढत नाही. बाडमेरचे कच्चे तेल मेणाचा अंश जास्त असल्याने साध्या हवेतच थिजते, त्यामुळे ते गुजरातकडे आणण्यासाठी सहाशेहून अधिक किलोमीटरची नळवाहिनी सतत तापती ठेवावी लागते. तिथे गारठा हा शत्रू; आप्पांच्या वावरात मात्र त्या सकाळी तोच आमचा एकमेव मित्र होता.

कारण वावर कोरडवाहू होते आणि काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. गार तेल भेगांच्या तोंडाशी अडले होते. ऊन चढले की ते आत उतरणार हे उघड होते. फावडी, घमेली आणि रिकामे ड्रम गावातून आणवले, दहा-बारा जण कामाला तयार झाले. तेवढ्यात मालवाहतूक करणाऱ्या कंपनीचा माणूस आला आणि विम्याचा पंचनामा होईपर्यंत कोणी काही हलवायचे नाही, असे त्याने बजावले. मी दोनदा समजावून पाहिले आणि मग गप्प बसलो. माझ्याकडे कसलाच अधिकार नव्हता हे खरे, पण आप्पांच्या मागे उभा राहून मी भांडायला हवे होते, असे आजही वाटते.

पंचनामा साडेअकराला झाला. तोवर काळा थर ऊन पिऊन तापला होता. थर्मामीटरचा पारा त्यात ३८ वर गेला. सकाळी फावड्यावर थापीसारखे उचलले गेले असते ते तेल आता काकवीसारखे ओघळत होते, आणि एका भेगेच्या काठाशी वाकल्यावर त्याची जाड धार आत उतरताना मला स्पष्ट दिसली. महामार्गाकडेचा नाला पुढे कान नदीला मिळतो. तो आम्ही मातीचा बांध घालून वाचवला, वरचे बरेचसे तेलही ड्रममध्ये भरले. भेगांतले मात्र राहिले.

उरलेल्या तेलकट मातीसाठी मग जिवाणूंची पाळी आली. ते बाहेरून आणण्याची गरज नव्हती, आप्पांच्या मातीत ते होतेच. त्यांना लागतात हवा, ओलावा आणि नत्र. तेलात कार्बन भरमसाट, नत्र जवळपास नाहीच. शंभर किलो कार्बनमागे दहा किलो नत्र हा ढोबळ हिशेब धरला, तर सुमारे २२ किलो युरिया, म्हणजे साधारण अर्धी गोणी लागते, आणि तीही एकदम नव्हे, नाहीतर जिवाणूच मरतात. आम्ही वरची माती एका बाजूला पसरली, शेणखत आणि पऱ्हाटीचा भुगा मिसळला, थोडा थोडा युरिया दिला आणि आप्पा दर आठवड्याला वखर फिरवून पाणी शिंपत राहिले. प्रयोगशाळेतल्या फ्लास्कमध्ये सातव्या दिवशी तेलाचा तवंग फुटून पाणी चहासारखे तपकिरी होते. मातीत त्याला महिने लागतात. त्यातही कार्बनच्या सरळ साखळ्यांची संयुगे आधी संपतात, वलयांची नंतर, आणि डांबरासारखा जड भाग तसाच राहतो. फर्नेस ऑइलमध्ये नेमका हाच भाग जास्त, म्हणजे जिवाणूंच्या ताटात आम्ही मुळात उष्टेच वाढले होते. तरीही पावसाळ्यापूर्वी त्या मातीचा वास बराच उतरला होता आणि कडेला हरळी फुटली होती.

जुलैत गेलो तेव्हा वावरात ज्वारी गुडघ्याला लागली होती; मधोमध एक लांबट पट्टा तेवढा उघडा होता. पावसाने माती फुगून भेगा मिटल्या होत्या. आप्पांनी त्या पट्ट्यात कुदळ घातली. दोन फुटांवर ढेकूळ उभे फुटले आणि त्याची एक बाजू काळ्या काचेसारखी चकाकली. आप्पांनी तिला बोट लावले, नाकाशी नेले आणि काही न बोलता ते बोट माझ्यापुढे धरले. वास जानेवारीतल्या त्या दुपारचाच होता.