म्युनिकमध्ये नेमकं काय दिलं गेलं?

'तुष्टीकरण' म्हटलं की आपल्याला घरचं राजकारण आठवतं. 1930 च्या दशकात ब्रिटनमध्ये मात्र त्यांच्या भाषेतला हा शब्द, 'अपीझमेंट', इभ्रतीचा होता. समोरच्याची रास्त तक्रार दूर करा, तो शांत होईल, एवढाच हिशेब. पहिल्या महायुद्धानंतरचा व्हर्सायचा तह जर्मनीवर जाचक आहे असं लंडनमध्येही अनेकांना वाटे. म्हणून त्या तहाने सैन्याला मनाई केलेल्या ऱ्हाइनलँड या जर्मनीच्याच भागात 1936 मध्ये जर्मन फौज शिरली तेव्हा कुणी अडवलं नाही.

फसगत झाली ती तक्रार आणि बहाणा यांतला फरक न कळल्याने. मार्च 1938 मध्ये हिटलरने सुडेटन जर्मनांचा, म्हणजे चेकोस्लोव्हाकियाच्या सरहद्दीवरच्या जर्मनभाषकांचा, नेता हेनलाइन याला सांगून ठेवलं होतं : प्रागमधल्या चेकोस्लोव्हाक सरकारला मान्यच करता येणार नाहीत अशा मागण्या करायच्या. सप्टेंबरात अध्यक्ष बेनेश यांनी त्या जवळजवळ सगळ्या मान्य केल्या, तर हेनलाइनच्या पक्षाने एका चकमकीचं निमित्त काढून बोलणीच थांबवली. 15 तारखेला ब्रिटिश पंतप्रधान चेंबरलेन हिटलरला भेटले. जर्मनबहुल भाग सोडायला सगळ्यांना राजी करून 22 ला पुन्हा त्याला भेटायला जर्मनीत गोडेसबर्गला पोचले, तर आता तेवढ्याने भागत नाही, ताबा ताबडतोब हवा, असं उत्तर. माझ्या मते सगळं इथेच उघड झालं होतं. मागितलेलं हातात पडत असताना जो मागणी वाढवतो, त्याला हवं असतं ते वेगळंच.

आठवड्याभरात म्युनिकला जर्मनी, ब्रिटन, फ्रान्स आणि इटली या चौघांनी करारावर सह्या केल्या. चेक प्रतिनिधी बैठकीत नव्हतेच. करारातलं दुसरं कलम वाचण्यासारखं आहे : 10 ऑक्टोबरपर्यंत प्रदेश रिकामा करायचा, आणि तिथल्या कुठल्याही बांधकामाची मोडतोड न करता. म्हणजे डोंगराळ सरहद्दीवरचे काँक्रीटचे बुरूज शाबूत गेले. बदल्यात मिळाली उरलेल्या देशाच्या सीमांची हमी, तीही जर्मनीपुरती पोलिश आणि हंगेरियन अल्पसंख्याकांचा प्रश्न सुटल्यावर लागू होणारी. गेलेले बुरूज परत येत नाहीत. हमी मात्र देणाऱ्याच्या मर्जीवर.

ब्रिटनला हवाई दल आणि रडार उभारायला वर्ष मिळालं, असा बचाव केला जातो. त्यात तथ्य आहे, पण वर्ष जर्मनीलाही मिळालं.

15 मार्च 1939 ला जर्मन सैन्य प्रागमध्ये आलं. आदल्या दिवशी स्लोव्हाकियाने स्वातंत्र्य जाहीर केलं होतं. ज्या राष्ट्राच्या सीमांची हमी द्यायची ते राष्ट्रच उरलं नाही, असं चेंबरलेन यांनी संसदेत सांगितलं. 1940 मध्ये फ्रान्सवर चालून गेलेल्या जर्मन रणगाड्यांत चेक कारखान्यांतले रणगाडेही होते.