मालकाच्या नावाची ओळ

फुटबॉल क्लबच्या रोकडीचा अंदाज हातात आला की तिकिटं, टीव्हीचे पैसे, जाहिराती यांवरून मी झरझर नजर फिरवते. ते आकडे कुठे ना कुठे पडताळून घेता येतात. माझं लक्ष असतं तळाशी, 'मालकाकडून' असं लिहिलेल्या ओळीकडे. इंग्लंडमधल्या लँकशायर परगण्यातल्या एका क्लबच्या एक्सेल शीटमध्ये ही ओळ पाहिली तेव्हा जवळजवळ प्रत्येक महिन्याच्या रकान्यात तिथे आकडा होता, आणि प्रत्येक आकडा असा बेतलेला की महिनाअखेरची शिल्लक शून्याच्या किंचित वर राहावी. आधी खड्डा मोजला होता आणि नेमकी तेवढीच माती मालकाच्या नावावर टाकली होती.

मी पुण्याची, सीए, आणि बरीच वर्षं मँचेस्टरजवळच्या एका ऑडिट फर्ममध्ये काम करते. या क्लबचं नाव लिहिणार नाही, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. तो 'लीग वन'मध्ये खेळायचा. नावात 'वन' असलं तरी ही इंग्लंडमधली तिसरी श्रेणी. वर्षाचं उत्पन्न साठ-सत्तर लाख पौंड, आणि त्यातला मोठा वाटा अजूनही दारात येणाऱ्या माणसांचा.

तो मार्चअखेरचा मंगळवार होता. क्लबचं वर्ष ३० जूनला संपतं आणि खासगी कंपनीला नऊ महिन्यांत हिशेब 'कंपनीज हाउस'कडे, म्हणजे कंपन्यांची नोंदणी ठेवणाऱ्या सरकारी कचेरीकडे, द्यावे लागतात, म्हणजे ३१ मार्च ही शेवटची तारीख. शुक्रवारी सगळ्यांचे पगार होते. त्या संध्याकाळी घरच्या मैदानावर सामना होता. आणि आदल्या रात्रीपासून पाऊस थांबला नव्हता.

हिशेबाचं ऑफिस मुख्य स्टँडच्या खाली. क्लबचे हिशेब सांभाळणाऱ्या बाई तिथे तीन मालक बदललेले पाहून होत्या. भिंतीवर कॅलेंडर, त्यात घरच्या सामन्यांवर हिरवी खूण आणि बाहेरगावच्या सामन्यांवर लाल, कारण बाहेरगाव म्हणजे बस, हॉटेल आणि जेवणाचा खर्च. मी देणेकऱ्यांची, म्हणजे क्लबने ज्यांचे पैसे द्यायचे होते त्यांची, यादी उघडली. तीन महिन्यांहून जुन्या उधारीत बस कंपनी होती, छपाईवाला होता, आणि एक बेकर होता. क्लबच्या खाऊच्या खिडक्यांवर विकल्या जाणाऱ्या मीट पाई त्याच्या बेकरीतल्या.

अकराच्या सुमारास तो स्वतःच ट्रे घेऊन आला. पिठाने पांढरी झालेली बाही, गळ्यात क्लबचा मफलर. मी ऑडिटर आहे हे कळल्यावर तो म्हणाला, "माझे पैसे मिळतील ना?" मी म्हटलं, मला त्यावर काही बोलता येणार नाही. बाई लगेच म्हणाल्या, "सीझन तिकिटं निघाली की पहिलं तुझंच बिल." तो हसला, ट्रे ठेवले आणि गेला. त्याने कागदावर काहीही मागितलं नाही.

सीझन तिकिटांची गोष्ट इथे सांगायला हवी, कारण बाहेरच्या माणसाला ती दिसत नाही. पुढचा हंगाम ऑगस्टमध्ये सुरू होणार, पण त्याची तिकिटं वसंतातच सवलतीत विकायला काढतात. आलेले पैसे हिशेबात उत्पन्न म्हणून धरता येत नाहीत. ते देणं असतं, कारण सामने अजून दाखवायचे आहेत. बँकेत मात्र ते खरेखुरे पैसे असतात आणि या हंगामाचे पगार त्यातून भागतात. मे-जूनमध्ये सामने नसतात, गेट बंद, पगार चालू. छोट्या क्लबांचा गाडा याच महिन्यांत अडतो.

मोठ्या क्लबांचं जग वेगळं आहे. २०२३-२४ च्या हंगामात रिआल माद्रिदने १०० कोटी युरोंच्या उत्पन्नाचा टप्पा ओलांडला, तिथवर पोचलेला तो पहिला क्लब. इंग्लंडात प्रीमियर लीगचा, म्हणजे सगळ्यात वरच्या श्रेणीचा, २०२५ पासूनचा देशांतर्गत टीव्ही करार चार वर्षांसाठी ६७० कोटी पौंडांचा, २० क्लबांत वाटायचा. त्याखालच्या तीन श्रेणींचा करार पाच वर्षांसाठी ९३.५ कोटींचा, आणि वाटेकरी ७२. त्यातही ८० टक्के दुसऱ्या श्रेणीला, १२ टक्के तिसरीला, ८ टक्के चौथीला. म्हणून तर दुसऱ्या श्रेणीत वर चढण्यासाठी क्लब जिवावर उदार होतात. तिथे पगारांचा खर्च एकूण उत्पन्नापेक्षा जास्त, अशी कित्येक वर्षं गेली आहेत. फरक कोण भरतं? पुन्हा तीच तळाची ओळ.

तिसऱ्या श्रेणीत खेळाडूंच्या पगारावर उत्पन्नाच्या ६० टक्क्यांची मर्यादा होती. पण त्या वेळच्या नियमात मालकाने भांडवल किंवा देणगी म्हणून घातलेले पैसेही उत्पन्नात धरले जायचे. मालक दिलदार असला की मर्यादा आपोआप वाढायची, आणि त्याने हात आखडता घेतला तरी खेळाडूंचे करार मात्र तसेच राहायचे.

दुपारी एकच्या सुमारास रेफरी मैदान पाहायला आले. मी खिडकीतून पाहत होते. माळ्याने बागकामाचा काटा जमिनीत रोवला, उपसला, त्या भोकात पाणी वर आलं. रेफरींनी चेंडू कमरेच्या उंचीवरून सोडला. तो उडाला नाही. गोलपोस्टजवळ त्यांनी तो ढकलून पाहिला, हातभर जाऊन थांबला. दोन मिनिटांत सामना पुढे ढकलल्याचं कळलं.

बाईंनी काही न बोलता शीट उघडली आणि मंगळवारच्या गेटचा, म्हणजे तिकिटांच्या पैशांचा, आकडा खोडून एप्रिलच्या अखेरीस नेला. पैसे बुडाले नव्हते, नुसते पुढे गेले होते. पण शुक्रवारचा पगार पुढे जात नाही. त्यांनी कर्सर तळाच्या ओळीवर नेला, शुक्रवारच्या रकान्यात मालकाचा आकडा तेवढ्याने वाढवला, आणि खालची शिल्लक पुन्हा काळी, म्हणजे शून्याच्या वर, झाली. मी शेजारीच बसले होते. ते पाहताना माझ्या पोटात गोळा आला. एका माणसाला न विचारता त्याच्या खिशातून काढलेला तो आकडा होता, आणि त्याच्यावर शंभरेक माणसांचे पगार उभे होते.

शनिवारच्या सामन्यांना निदान एक संरक्षण आहे. शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच इंग्लंडात फुटबॉल टीव्हीवर थेट दाखवत नाहीत, म्हणजे लोक आपल्या गावच्या मैदानावर जातील. ही कल्पना साठच्या दशकात लावून धरली ती बर्नलीचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांनी, म्हणजे याच लँकशायरच्या माणसाने. हा नियम काढावा अशी मागणी अधूनमधून होते. मी त्या शीटसमोर बसले आहे, मला तो हवा आहे.

साडेतीनला मालकांशी व्हिडिओवर बोलणं होतं. घरं बांधण्याचा त्यांचा व्यवसाय. आमची मागणी साधी होती: हिशेबांवर सही होईल त्या तारखेपासून किमान बारा महिने क्लबला लागेल तेवढा पैसा मी देईन, असं पत्र, आणि तेवढा पैसा आहे हे दाखवणारे कागद. पत्र त्यांनी तयार ठेवलं होतं, अर्ध्या पानाचं. कागद द्यायला ते तयार नव्हते. "मी आजवर कधी पगार चुकवलाय?" त्यांनी विचारलं. खरंच, कधीच चुकवला नव्हता. मग मी कुठली हे त्यांना कळलं आणि ते म्हणाले, "पुण्याची? मग मालक म्हणजे काय हे तुला मी काय सांगणार?"

लँकशायरमध्ये हे मला नेहमी ऐकावं लागतं. ब्लॅकबर्न रोव्हर्स, १९९५ चा प्रीमियर लीग विजेता, नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या वेंकीज समूहाने विकत घेतला. सिंहगड रस्त्यावरून जाताना त्यांचं 'वेंकटेश्वर हाउस' लहानपणापासून पाहिलेलं, आणि इथे त्याच लोकांचं नाव टॅक्सीवाल्याच्या तोंडी. २०१२ मध्ये क्लब प्रीमियर लीगमधून खाली गेला, २०१७ मध्ये तिसऱ्या श्रेणीत, वर्षभरात परत दुसरीत. चाहत्यांचा रोष मोठा होता. पण वर्षानुवर्षांचा तोटा पुण्याहून भरला गेला, हेही तितकंच खरं. पुढे असं झालं की भारतातल्या एका चौकशीमुळे ब्लॅकबर्नला पैसे पाठवायला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागू लागली. देणाऱ्याची इच्छा आहे, पैसाही आहे, तरी वाट अडली. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्लॅकबर्नने ॲडम व्हॉर्टनला १.८ कोटी पौंडांना क्रिस्टल पॅलेसला विकलं. सहाव्या वर्षापासून त्यांच्याच अकादमीत वाढलेला मुलगा.

असा मुलगा ताळेबंदात कुठेच नसतो. आमच्या क्लबातही एकोणीस वर्षांचा एक मिडफिल्डर होता, ज्याला पाहायला मोठ्या क्लबांची माणसं स्टँडमध्ये येऊन बसायची. मालमत्तेच्या नोंदीत गवत कापायचं यंत्र होतं, फ्लडलाइट होते, तो नव्हता. विकत घेतलेल्या खेळाडूची किंमत कराराच्या वर्षांत वाटून खर्ची टाकतात. चेल्सीने एन्झो फर्नांडिसला १०.६८ कोटी पौंडांना घेतलं आणि साडेआठ वर्षांचा करार केला, म्हणजे वर्षाला साधारण सव्वा कोटी. घरी घडवलेल्याची पुस्तकी किंमत शून्य, म्हणून विकला की आलेला प्रत्येक पौंड नफा. पोरगं गावचं, लोकांचं लाडकं, आणि हिशेबाच्या दृष्टीने त्याला विकणंच सगळ्यात फायद्याचं. मला याचा फार त्रास होतो.

फोन ठेवल्यावर मी आमच्या फर्मच्या पार्टनरना सगळं सांगितलं. मालक सज्जन होता, पत्र होतं, पण अशा पत्रावर कोर्टात पैसे वसूल होतीलच असं नाही, आणि त्या वर्षी घरांचा बाजार मंद होता. आमचं मत एकच झालं. हिशेब बरोबर आहेत, असंच आम्ही म्हणणार होतो. पण अहवालात एक वेगळा परिच्छेद येणार होता: क्लब चालू राहणं मालकाच्या मदतीवर अवलंबून आहे, ती मदत मिळेलच याची खात्री देता येत नाही, म्हणून मोठी अनिश्चितता आहे.

बाईंना सांगायचं काम माझ्याकडे आलं. त्यांचा चेहरा उतरला. "हे छापून आलं की बसवाला आधी पैसे मागेल. सीझन तिकीट घेणारा थांबेल. तुमच्या परिच्छेदानेच क्लब बुडेल." मी म्हटलं, "आणि नाही लिहिलं, तर तो बेकर कशाच्या आधारावर उधार देतोय?"

मग त्या 'बरी' या गावच्या क्लबबद्दल बोलल्या. बरी तिथून फार लांब नाही. १८८५ चा क्लब, १९०० आणि १९०३ चा एफए कप जिंकलेला. डिसेंबर २०१८ मध्ये एक पौंडाला विकला गेला. २७ ऑगस्ट २०१९ ला, लीगने दिलेल्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी, शेकडो चाहते झाडू घेऊन क्लबच्या 'गिग लेन' मैदानावर आले. शनिवारी सामना होईल या आशेने त्यांनी खुर्च्या पुसल्या. त्याच रात्री क्लबला लीगमधून काढलं. बाईंच्या ओळखीतली माणसं त्या क्लबच्या ऑफिसात होती. त्यांना वाटत होतं, आपणही तसेच जाऊ. मला त्याच गोष्टीतून उलटं दिसत होतं.

क्लब बुडतो तेव्हा फुटबॉलचा एक खास नियम चालतो. खेळाडूंचे आणि दुसऱ्या क्लबांचे पैसे आधी, पुरेपूर द्यावे लागतात, नाहीतर लीगमध्ये जागा राहत नाही. बसवाला, छपाईवाला, बेकर यांना उरलंसुरलं. पोर्टस्मथ २०१० मध्ये बुडीत निघाला, प्रीमियर लीगमधला पहिलाच, तेव्हा देणेकऱ्यांच्या यादीत सामन्यांना प्रथमोपचार पुरवणारी स्वयंसेवी संस्थासुद्धा होती. ज्याने प्रेमापोटी उधार दिलं तो सगळ्यात मागे. मालकाला काय धोका आहे हे मालकाला माहीत असतं. बेकरला कळायचं तर ते आमच्या अहवालातूनच.

परिच्छेद राहिला. शुक्रवारी सकाळी मालकांचे पैसे आले, दुपारी पगार झाले, आणि हिशेब मुदतीत दाखल झाले. मंगळवारच्या पाई गावातल्या अन्नछत्रात गेल्या, त्यांचं बिल मात्र यादीत चढलं.

काही आठवड्यांत चाहत्यांनी अहवाल शोधून वाचला, सभा झाली, मालकांना अवघड प्रश्न विचारले गेले. सीझन तिकिटं थोडी कमी खपली. बाईंचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. पण त्या दबावाखाली मालकांनी आधीच्या कर्जाचा मोठा भाग शेअर भांडवलात बदलला, म्हणजे ते पैसे परत मागण्याचा हक्क सोडला. बेकरने उधारी बंद केली नाही. एक महिन्यापेक्षा जुनं बिल ठेवणार नाही, एवढंच त्याने बजावलं.

चाहत्यांच्या मालकीच्या क्लबांचं उदाहरण त्या सभेत पुन्हा पुन्हा आलं. एक्सेटर सिटी २००३ पासून समर्थकांच्या ट्रस्टकडे आहे. त्यांनी ऑली वॉटकिन्सला २०१७ मध्ये ब्रेंटफर्डला विकताना पुढच्या विक्रीत हिस्सा राखून ठेवला, आणि २०२० मध्ये तो ॲस्टन व्हिलाला गेला तेव्हा एक्सेटरच्या वाट्याला मोठी रक्कम आली. तिथल्या शीटमध्ये खड्डा बुजवणारा धनाढ्य मालक नाही, म्हणून खड्डा लहान ठेवावा लागतो. सगळ्यांना हे जमेल असं मी म्हणणार नाही. वरच्या श्रेणीची ओढ चाहत्यांनाही असतेच.

जुलै २०२५ मध्ये फुटबॉल गव्हर्नन्स कायदा झाला आणि इंग्लंडात स्वतंत्र नियामक आला. क्लबांना परवाना लागेल, आर्थिक आराखडा द्यावा लागेल. माझी त्याच्याकडून एकच मागणी आहे: मालकाच्या ओळीतला पैसा हंगामाआधी बाजूला काढून ठेवायला लावा. पत्रावर भागवू नका.

आमच्या क्लबाने तो मिडफिल्डर त्याच उन्हाळ्यात विकला, पुढच्या विक्रीतला हिस्सा राखून. पुढच्या मार्चला मी पुन्हा देणेकऱ्यांची यादी उघडली. बेकरचं सगळ्यात जुनं बिल तीन आठवड्यांपूर्वीचं होतं. 'मालकाकडून' या ओळीत आठ महिने आकडे होते, आणि परिच्छेद आम्ही त्याही वर्षी घातला.