ओहोटीची वाट

शेवटचे पाच किलोमीटर वाळूतून चालायचे. ओहोटी लागली की इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळच्या लिंडिसफार्न बेटाची वाट उघडी पडते, भरतीला ती समुद्राखाली जाते. वाट चुकू नये म्हणून उंच लाकडी खांब रोवलेत. मी बूट काढून गळ्यात अडकवले. चौथ्या खांबापाशी उजवा पाय घोट्याच्या वर रुतला. ओढून काढला, तर काळ्याशार चिखलाचा उग्र वास अंगभर चढला. लांबून सीलांचा हुंकार ऐकू येत होता. मनातल्या मनात मी हरिपाठ म्हणत होते. दुसरं काही सुचेचना.

सहा दिवसांपूर्वी स्कॉटलंडमधल्या मेलरोजहून निघाले होते. संत कथबर्ट यांच्या नावाची ही वाट जवळपास शंभर किलोमीटरची आहे. ते मूळचे मेंढपाळ. ६५१ साली रात्री मेंढ्या राखताना त्यांना आकाशात प्रकाश दिसला. त्याच रात्री लिंडिसफार्नचे बिशप एडन गेल्याचं मागाहून कळलं, आणि हा पोरगा मेलरोजच्या मठात दाखल झाला. तिथले गुरू बॉइसिल पुढे साथीच्या आजाराने अंथरुणाला खिळले. शेवटच्या सात दिवसांत गुरुशिष्यांनी मिळून बायबलमधलं योहानाचं शुभवर्तमान वाचून संपवलं. आबांना फोनवर हे सांगितलं, तर ते एकदम म्हणाले, "अगं, हा तर सप्ताहच की!"

आबांनी अठरा वर्षं आळंदी ते पंढरपूर वारी केली. आता गुडघे साथ देत नाहीत, म्हणून रोज रात्री मी त्यांना दिवसभराची चाल सांगायचे. कथबर्ट लिंडिसफार्नजवळच्या फार्न बेटावर एकटे राहायचे आणि कुटीभोवतीची भिंत इतकी उंच होती की आत आभाळाशिवाय काही दिसत नसे, हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं. तिथला राजा एक्फ्रिथ स्वतः होडीने आला, गुडघे टेकून विनवण्या केल्या, तेव्हा कुठे ६८५ मध्ये कथबर्ट लिंडिसफार्नचे बिशप झाले. दोन वर्षांतच पुन्हा फार्नला परतले आणि २० मार्च ६८७ रोजी तिथेच देह ठेवला.

पाचव्या दिवशी एका डोंगरातल्या गुहेत थांबले. पुढे आलेल्या खडकाखाली कोरडी वाळू होती. समुद्रावरून येणाऱ्या व्हायकिंग लुटारूंच्या भीतीने ८७५ मध्ये साधूंनी संतांची शवपेटी खांद्यावर घेऊन लिंडिसफार्न बेट सोडलं, तेव्हा ते इथे विसावले असं मानतात. पुढे सात वर्षं ती पेटी गावोगाव फिरत राहिली. मी वाळूवर हात ठेवून बराच वेळ बसले.

"म्हणजे पालखीच," आबा म्हणाले. "मग बेटावर समाधी नाही?"

"नाही आबा. डरहम शहरातल्या कॅथेड्रलमध्ये, म्हणजे मोठ्या चर्चमध्ये आहे."

"मग तिथे जाऊन ये. माझाही नमस्कार सांग."

बेटावर पोचले तेव्हा बोटं निळी पडली होती. मठाच्या पडक्या भिंतींपाशी पाय धुतले. दुसऱ्या दिवशी डरहम गाठलं. जमिनीतल्या साध्या शिळेवर फक्त नाव कोरलेलं आहे. तिथे वाकून दोनदा नमस्कार केला.