तोंडातून की मानेमागून? तुम्ही विचारलंत म्हणून

कवटी आणि मणक्याच्या जोडावरचा सांधा सैल झालाय असं कळलं की बहुतेक जण विचारतात, "ऑपरेशन तोंडातून करणार की मानेमागून?" टाळ्यामागचं हाड काढतात, असं कुठेतरी ऐकलेलं असतं आणि त्याचा धसका घेतलेला असतो. आता बहुतेक वेळा मागूनच करतात. पण त्याआधी एक पाहावं लागतं: सरकलेला मणका जागेवर येतो का?

मानेतला पहिला मणका अंगठीसारखा, त्यात दुसऱ्या मणक्याची खुंटी उभी. तिला मागून एक आडवा अस्थिबंध धरून ठेवतो. मान पुढे वाकवून काढलेल्या एक्स-रेत अंगठीची पुढची कमान आणि खुंटी यांतली फट मोठ्या माणसात ३ मिमीपेक्षा, लहान मुलात ५ मिमीपेक्षा जास्त दिसली, तर बंध सैल झालाय असं समजतात. खुंटी मागे सरकते आणि मज्जारज्जू दबतो.

मान मागे नेल्यावर किंवा भूल दिल्यावर डोक्याला वजन लावून मणका जागेवर आला, तर पुढून हाड काढायचं कारणच उरत नाही. आला नाही, तर पूर्वी तोंडातून खुंटी काढत. पण खुंटी काढली की उरलासुरला आधारही जातो, म्हणून नंतर मणके मागून एकमेकांना जोडावेच लागत. शिवाय जखम तोंडातली, म्हणजे जंतू आलेच. आता यातल्या बऱ्याच रुग्णांत मागूनच पहिल्या-दुसऱ्या मणक्यांमधले सांधे उघडून, कूर्चा खरवडून, आत स्पेसर (फट उघडी ठेवणारा छोटा ठोकळा) बसवून खुंटी खाली ओढता येते. मुंबईचे न्यूरोसर्जन डॉ. अतुल गोयल यांनी ही वाट रुळवली. पहिल्या मणक्यात आणि दुसऱ्या मणक्यात वेगवेगळे स्क्रू घालून ते प्लेटने जोडायची त्यांची पद्धत १९९४ साली प्रसिद्ध झाली. २००१ मध्ये जर्मन सर्जन हार्म्स यांनी प्लेटच्या जागी रॉड, म्हणजे धातूची सळी, आणला.

स्क्रू साधारण ३.५ मिमी जाड. खरी अडचण धमनीची. मेंदूकडे जाणारी व्हर्टिब्रल धमनी पहिल्या मणक्याच्या मागच्या कमानीवरून वळते, म्हणून कमानीच्या वरच्या कडेवर मध्यरेषेपासून साधारण १ सेमीपलीकडे मोकळं करत जायचं नाही. दुसऱ्या मणक्यात ती कधी इतकी वर चढलेली असते की स्क्रूला हाडच पुरत नाही. तेव्हा मागच्या भिंतीत, लॅमिनात, आडवा स्क्रू घालतात. म्हणून सीटी अँजिओग्राफी (धमन्या दाखवणारा सीटी स्कॅन) न बघता स्क्रूचा बेत ठरवू नये. भोक पाडताना लालभडक रक्त उसळलं, म्हणजे धमनीला इजा झाली, तर त्याच भोकात स्क्रू बसवून ते दाबून धरतात आणि दुसऱ्या बाजूला तसलाच धोका पत्करत नाहीत. दोन्ही धमन्या गेल्या तर मेंदूच्या मागच्या भागाचा रक्तपुरवठाच जाईल. सांध्याभोवतीच्या शिरांच्या जाळ्यातलं रक्त मात्र दाबून, जेलफोम (रक्त थांबवणारा स्पंज) भरून थांबतं. तिथून जाणारा मानेचा दुसरा मज्जातंतू कापावा लागला तर डोक्याच्या मागे बधिरपणा राहतो, तो आधीच सांगितलेला बरा.

कवटीही जोडायची असेल तर तिथले स्क्रू मध्यरेषेजवळ घेतात, कारण हाड तिथेच जाड असतं; कडेला ते पातळ. आणि डोकं कुठल्या कोनात कायमचं बसवतोय ते नीट पाहायचं. हनुवटी जास्त आत गेली तर घशाची जागा अरुंद होते. गिळणं अवघड होतं, श्वासालाही त्रास होतो.

स्क्रू आणि रॉड हे हाड जुळेपर्यंतचे टेकू. जुळणीच्या जागी हाडाचा वरचा थर खरवडून बहुतेकदा कमरेचं हाड भरतात. यात हयगय झाली की महिन्यांनी स्क्रू सैल होतो किंवा रॉड तुटतो, आणि दोष धातूला दिला जातो.

मान वळेल का? डावी-उजवीकडे वळण्याचा जवळपास निम्मा हिस्सा या दोन मणक्यांमध्येच असतो, तो जातो. कवटीही जोडली तर होकारार्थी मान हलवण्याचा मोठा भागही जातो. म्हणून कवटीही जोडायची असं सर्जन म्हणाले, तर "दोन मणक्यांवर का भागत नाही?" हे जरूर विचारा.